हंबनटोटा ‘जप्त’ झालं नव्हतं: मराठी संपादकांना आणि चर्चाकारांना खुलं पत्र

मराठी वृत्तपत्रांचे संपादक, वाहिन्यांवर चर्चा घडवणारे निवेदक आणि परराष्ट्र व्यवहारावर स्तंभ लिहिणारे सर्व जण यांस,

स. न. वि. वि.

मालदीवला कर्ज मिळालं, नेपाळात विमानतळ उभा राहिला, आफ्रिकेत कुठे रेल्वे धावली, की आपल्याकडे एक वाक्य हमखास छापून येतं: ‘श्रीलंकेला चीनचं कर्ज फेडता आलं नाही, म्हणून हंबनटोटा बंदर ९९ वर्षांसाठी चीनच्या घशात गेलं.’ मराठी वाचकाला ते पटायला वेळ लागत नाही. सावकाराने जमीन लिहून घेतल्याची एखादी तरी कहाणी आपल्या गावागावात आहे. अडचण एवढीच, की या वाक्यातला ‘म्हणून’ चुकीचा आहे. हंबनटोटात कब्जेगहाण नव्हतं. भाडेपट्टा झाला तेव्हा हप्ते थकलेले नव्हते. आणि पट्ट्यापोटी पैसे मिळाल्यावर कर्ज फिटलंही नाही, ते तसंच चालू राहिलं.

आम्ही सरकारी कर्जांचे करार आणि मोठ्या प्रकल्पांचे हिशेब वाचणारी माणसं. चीनची वकिली करण्यासाठी हे पत्र नाही. चुकीच्या जागी बोट ठेवलं की खरी गाठ सुटून जाते, आणि ही गाठ फक्त चीनच्याच दोरीला असते असंही नाही, म्हणून लिहितो आहोत.

आधी बंदराचाच हिशेब घेऊ. दक्षिण टोकाला बंदर बांधण्याची कल्पना बीजिंगची नाही, कोलंबोची. २००३ मध्ये कॅनडाच्या एका सल्लागार कंपनीने पाहणी केली, २००६ मध्ये डेन्मार्कच्या एका कंपनीने दुसरी. दुसऱ्या अहवालाचा सल्ला शहाणा होता: सुरुवातीला कंटेनरच्या नादी लागू नका, मोटारी आणि सुटा माल घ्या, पदरात काही पडू द्या, मग दुसरा टप्पा काढा. २००७ मध्ये चीनच्या सरकारी एक्झिम (निर्यात-आयात) बँकेने पहिल्या टप्प्यासाठी ३० कोटी ७० लाख डॉलर दिले. मुदत १५ वर्षं, त्यातली पहिली ४ सवलतीची, म्हणजे त्या काळात मुद्दल फेडायचं नाही, व्याज ६.३ टक्के ठाम. त्या वेळी बदलत्या दराचाही पर्याय होता, पण लंडनचा आंतरबँक दर ५ टक्क्यांच्या वर होता आणि आणखी चढेल असं वाटत होतं, म्हणून कोलंबोने ठाम दर घेतला. वर्षभरात जगभर मंदी आली, बदलते दर कोसळले आणि ६.३ गळ्यात राहिला. यात कारस्थान नाही, अंदाज चुकला. असे अंदाज कर्ज खात्यांत रोज चुकतात.

सहामाही हप्ते धरा. सवलतीचा काळ सरल्यावर ११ वर्षांत २२ हप्ते. मुद्दलाचे वर्षाला सुमारे २ कोटी ७९ लाख डॉलर, त्यावर पहिल्या वर्षीचं व्याज १ कोटी ८९ लाखांच्या आसपास. म्हणजे पावणेपाच कोटींची तरतूद. २०१२ मध्ये हंबनटोटाला ३४ जहाजं लागली. कोलंबोला त्याच वर्षी ३,६६७. आमचा हा कागदावरचा हिशेब त्या ३४ जहाजांवर वाटून पाहा: जहाजामागे जवळजवळ १४ लाख डॉलर. हा भार बंदराच्या उत्पन्नातून निघणं शक्यच नव्हतं.

जहाजं का आली नाहीत? पूर्व-पश्चिम सागरी मार्ग तिथून अगदी जवळून जातो, हे नकाशावर दिसतं आणि बहुतेक लेखांत तेवढंच लिहिलेलं असतं. पण जवळून जाणारं जहाज थांबत नाही. जिथे त्याचा माल उतरतो, चढतो आणि दुसऱ्या छोट्या जहाजावर जातो, तिथे ते थांबतं. ती जागा आधीच कोलंबोने घेतली होती. शिवाय कामाची घाई. नोव्हेंबर २०१० मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे यांच्या ६५ व्या वाढदिवशी बंदराचं उद्घाटन झालं. तोंडाशी खडक शिल्लक होता. मोठी जहाजं आत घेण्यासाठी तो नंतर सुरुंग लावून फोडावा लागला. उत्पन्न येऊ द्या, मग पुढे चला, हा डॅनिश सल्ला बाजूला पडला आणि २०१२ मध्ये आणखी मोठ्या कर्जावर दुसरा टप्पा सुरू झाला. या वेळी बहुतांश रकमेवर व्याज २ टक्के होतं. स्वस्त होतं खरं, पण रिकाम्या धक्क्यासाठी घेतलेलं स्वस्त कर्जसुद्धा फेडावंच लागतं.

आता जुलै २०१७. चायना मर्चंट्स पोर्ट या कंपनीशी ११२ कोटी डॉलरचा करार झाला, मुदत ९९ वर्षं. बंदर चालवण्यासाठी दोन कंपन्या काढल्या आणि दोन्ही मिळून सुमारे ७० टक्के हिस्सा चिनी कंपनीकडे गेला. रक्कम तीन हप्त्यांत आली: डिसेंबर २०१७ मध्ये २९ कोटी २० लाख, जानेवारी २०१८ मध्ये ९ कोटी ७० लाख, जून २०१८ मध्ये ५८ कोटी ५० लाख. उरलेले १४ कोटी ६० लाख बंदराच्या पुढच्या कामांसाठी राखून ठेवले. आलेले ९७ कोटी ४० लाख गेले कुठे? देशाच्या परकीय गंगाजळीत. एक्झिम बँकेचं कर्ज बंदर प्राधिकरणाच्या वहीतून सरकारी तिजोरीच्या वहीत गेलं आणि तिथेच राहिलं.

तर मग डॉलरची एवढी निकड कसली होती? इथेच तुमचं वाक्य सगळ्यात जास्त दिशाभूल करतं. श्रीलंकेने २००७ मध्ये पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय बाजारात सार्वभौम रोखे, म्हणजे सरकारचे कर्जरोखे, विकले: ५० कोटी डॉलर, ५ वर्षं, ८.२५ टक्के. मग चटक लागली. या रोख्यांना सवलतीचा काळ नाही, मुद्दल हप्त्याहप्त्याने फेडायची सोय नाही. मुदत भरली की सगळं मुद्दल एका दिवसात द्यायचं. जानेवारी २०१९ मध्ये १०० कोटी, एप्रिल २०१९ मध्ये ५० कोटी डॉलरचे रोखे परिपक्व होणार होते. बंदर भाड्याने देऊन आलेल्या डॉलरांचा उपयोग ही अशी भगदाडं बुजवायला. ते रोखे धरून होते पश्चिमेकडचे गुंतवणूक फंड. २०२१ च्या अखेरीस श्रीलंकेच्या सार्वजनिक परदेशी कर्जात चीनचा वाटा, सरकारी कंपन्यांच्या नावावरचं कर्ज धरून, २० टक्क्यांच्या आसपास होता आणि रोख्यांचा त्याहून बराच मोठा. १२ एप्रिल २०२२ ला सरकारने परतफेड थांबवली, तेव्हा करकपात, ठप्प पर्यटन, रासायनिक खतांवरची बंदी आणि आटलेली गंगाजळी एकाच वेळी अंगावर आली होती.

म्हणजे चीन निर्दोष? अजिबात नाही. पण त्याची पकड पाहायची तर बंदराच्या फाटकावर उभं राहून चालत नाही, कराराची पानं उलटावी लागतात. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांकडची कागदपत्रं हिसकावून जाळली. ताकद कागदात असते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

असा प्रकल्प जन्माला कसा येतो ते पाहा. आधी कंत्राटदार येतो. आराखडा त्याचा, अंदाजपत्रक त्याचं, मंत्र्यांना दौऱ्यावर नेणाराही तोच. व्यापारी करार त्याच्याशी होतो, बहुधा स्पर्धेची निविदा न काढता, आणि तो करार हातात घेऊन सरकार बँकेकडे जातं. म्हणजे किंमत ठरते आधी आणि पैशाचा शोध नंतर. बँक साधारण ८५ टक्के देते, १५ टक्के देशाने घालायचे. कायदेशीर अभिप्राय आणि बाकी अटी पुऱ्या झाल्या की कर्ज ‘लागू’ होतं. मग कंत्राटदार काम करतो, बिल लावतो, सरकारचा अधिकारी सही करतो आणि बीजिंगमधली बँक थेट कंत्राटदाराच्या खात्यात पैसे भरते. कर्जदार देशाच्या तिजोरीत दमडी येत नाही, येतो तो फक्त आकडा. पैसा चोरून नेण्याची एक वाट त्यामुळे बंद होते, हे खरं. पण फुगवलेली किंमत त्याने उतरत नाही, ती पहिल्याच करारात शिजलेली असते.

बिघडतं ते फार साध्या ठिकाणी. सवलतीचा काळ बहुधा सहीपासून किंवा कर्ज लागू झाल्यापासून मोजतात, प्रकल्प सुरू झाल्यापासून नाही. भूसंपादनात तीन वर्षं गेली की ती तिन्ही वर्षं सवलतीतून वजा होतात आणि पहिला हप्ता अर्धवट कामावर येऊन बसतो. न उचललेल्या रकमेवरही फी चालू असते. टक्का छोटा असतो, म्हणून कोणी बघत नाही.

चलनाचा फटका याहून मोठा. मॉन्टेनेग्रो देशाचं चलन युरो. २०१४ मध्ये त्याने महामार्गाच्या पहिल्या ४१ किलोमीटरसाठी चीनच्या एक्झिम बँकेकडून ९४ कोटी ४० लाख डॉलर घेतले, व्याज २ टक्के, मुदत २० वर्षं. टोल आणि कर युरोत येणार, हप्ता डॉलरात जाणार. १ युरोला १.३७ डॉलर या दराने ते कर्ज सुमारे ६९ कोटी युरोचं. मार्च २०१५ मध्ये युरो १.०५ पर्यंत घसरला. सगळी रक्कम उचललेली आहे असं धरलं तर त्या दराने तेच कर्ज ९० कोटी युरोच्या घरात जातं. रस्त्यावर एक खडीही जास्त न पडता. दर बांधून घेण्याचा, म्हणजे हेजिंगचा, करार झाला २०२१ मध्ये, पाश्चात्त्य बँकांशी. ‘दोनच टक्के व्याज’ असं कौतुकाने लिहिताना कर्ज कोणत्या चलनात आहे हेही लिहीत जा.

आता खाती. २०२१ मध्ये काही अभ्यासकांनी चीनचे २४ देशांशी झालेले १०० कर्जकरार एकत्र वाचून काढले. गुप्ततेची कलमं, बाकीच्या धनकोंबरोबर सामूहिक पुनर्रचनेतून हे कर्ज वगळण्याची कलमं, आणि ठरावीक उत्पन्न एका खास खात्यात जमा करण्याची अट त्यांत वारंवार सापडली. युगांडाचा एंटेबे विमानतळ याचा नमुना. २०१५ चं २० कोटी डॉलरचं कर्ज. ‘चीनने विमानतळ ताब्यात घेतला’ अशा बातम्या २०२१ मध्ये आपल्याकडेही फिरल्या. नंतर मूळ करार उघड झाला. विमानतळ तारण नव्हताच. मात्र विमानतळाच्या सगळ्या उत्पन्नावर, म्हणजे नव्या कामातून येणाऱ्याच नव्हे तर आधीपासूनच्या उत्पन्नावरही, २० वर्षं या कर्जाचा पहिला हक्क आणि त्यासाठी वेगळं खातं. आमच्या मते हे जप्तीपेक्षा वाईट. जप्ती डोळ्यांना दिसते, लोक रस्त्यावर उतरतात. खात्यातून हप्ता आपोआप कापला जातो तेव्हा संसदेला पत्ताही लागत नाही.

केनियाने मोम्बासा-नैरोबी रेल्वे केली, २०१७ मध्ये सुरू झाली. कर्जाचे दोन भाग: १६० कोटी डॉलर २ टक्क्यांनी, आणि सुमारे १६३ कोटी लंडनच्या आंतरबँक दरावर वर ३.६ टक्के. पहिला आकडा भाषणात येतो, दुसरा परिशिष्टात राहतो. बंदर प्राधिकरणाने रेल्वेला ठरावीक माल देण्याची हमी घेतली आणि तो माल ट्रकवरून ओढून रेल्वेवर घालायची सक्ती आली, तेव्हा मोम्बासातले ट्रकवाले आणि गोदामवाले चिडून उठले. करारांची काही पानं सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये खुली केली. वाद झाला तर लवाद बीजिंगमध्ये, कायदा चीनचा.

आणि मालमत्ता खरोखर हातातून गेल्याचं उदाहरण हवंच असेल, तर हंबनटोटापेक्षा लाओस घ्या. कर्जाने वाकलेल्या वीज मंडळाच्या उच्चदाब वाहिन्यांचा कारभार २०२१ मध्ये २५ वर्षांसाठी एका संयुक्त कंपनीकडे गेला. तिच्यात बहुमत चायना सदर्न पॉवर ग्रिडचं. आपल्या मराठी चर्चांमध्ये लाओसचं नाव ऐकल्याचं आम्हाला आठवत नाही. वीजवाहिन्यांचं छायाचित्र बंदराइतकं देखणं येत नाही, हेच कारण असावं.

आता थोडं घरचं. एक्झिम बँक चीनचीच असते असं नाही. भारताची एक्झिम बँक मुंबईत कफ परेडला आहे. ती भारत सरकारच्या वतीने परदेशांना कर्जमर्यादा देते आणि त्या पैशातला साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्याव्या लागतात. चीनच्या सवलतीच्या कर्जात ही अट तत्त्वतः निम्म्याची. जपानने मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी ०.१ टक्क्याने, ५० वर्षांच्या मुदतीने, १५ वर्षांच्या सवलतीने कर्ज दिलं. मोबदल्यात शिंकान्सेनचं तंत्रज्ञान ठरलं. आपण त्याला सापळा म्हणत नाही, म्हणूही नये. मात्र बांधील कर्ज म्हणजे काय ते समजून घ्यायला ठाण्या-पालघरच्या वाचकाला हंबनटोटापर्यंत जायची गरज नाही.

श्रीलंकेच्या संकटात भारताने केलेली मदत मोठी होती आणि वेळेवर पोचली. २०२२ च्या पहिल्या काही महिन्यांत सुमारे ४०० कोटी डॉलर. त्यात रिझर्व्ह बँकेची ४० कोटींची चलन अदलाबदल, एक्झिम बँकेचे इंधनासाठी ५० कोटी, स्टेट बँकेचे अन्न-औषधांसाठी १०० कोटी. तिन्ही संस्थांची मुख्यालयं मुंबईत. आता तारखा शेजारी ठेवा. ६ जानेवारी २०२२ ला त्रिंकोमालीच्या ९९ जुन्या तेल टाक्यांचा करार झाला: १४ टाक्या इंडियन ऑइलच्या लंकेतल्या कंपनीकडे, ६१ टाक्या संयुक्त कंपनीकडे, तिच्यात ५१ टक्के लंकेचे आणि ४९ भारतीय बाजूचे, बाकी २४ लंकेकडे. पट्टा ५० वर्षांचा. ४० कोटींची अदलाबदल त्याच महिन्यात जाहीर झाली. दशकांपासून रखडलेला प्रश्न नेमका त्याच महिन्यात सुटला. आम्ही याला गैर म्हणत नाही, सत्ता अशीच वागते. पण बीजिंगने हेच केलं असतं तर तुमचा मथळा काय असता, तो एकदा कागदावर लिहून पाहा.

हंबनटोटाची सुरक्षेची बाजूही तुम्ही अर्धीच सांगता. बंदराची सुरक्षा लंकेच्या नौदलाकडे आहे आणि परदेशी लष्करी वापराला कोलंबोची परवानगी लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘युआन वांग ५’ हे चिनी संशोधन आणि अवकाश-मागोवा जहाज आलं, ती गोष्ट आठवा. आधी परवानगी दिली, दिल्लीने हरकत घेतल्यावर ‘थोडं थांबा’ म्हटलं, मग पुन्हा हो म्हटलं. १६ ऑगस्टला जहाज धक्क्याला लागलं. पट्ट्याच्या जोरावर ते घुसलं असतं तर एवढी ये-जा झालीच नसती. त्या महिन्यात कोलंबोला कर्जाच्या पुनर्रचनेसाठी चीनचीही संमती हवी होती आणि भारताचीही. दबाव त्या टेबलावरून येत होता, असा आमचा अंदाज आहे. पुढे पुनर्रचना झाली तेव्हा भारत, जपान आणि फ्रान्स यांच्या सहअध्यक्षतेखालची धनको देशांची समिती एकीकडे आणि चीनची एक्झिम बँक वेगळी बसली. जून २०२४ मध्ये एकाच दिवशी दोन निरनिराळे करार झाले: समितीशी ५८० कोटी डॉलरचा, एक्झिम बँकेशी ४२० कोटींचा. सामूहिक पुनर्रचनेतून बाहेर राहण्याचं ते कलम प्रत्यक्षात कसं चालतं, ते इथे दिसतं.

म्हणून मागणं थोडकं आहे. पुढच्या वेळी शेजारी देशाच्या कर्जाची बातमी येईल तेव्हा ‘सापळा’ हा शब्द टाइप करण्याआधी वार्ताहराला सहा गोष्टी विचारा. कर्ज कोणत्या चलनात. सवलतीचा काळ केव्हापासून मोजणार. निविदा निघाली की कंत्राटदार आधीच ठरला. उत्पन्नासाठी वेगळं खातं आहे का, आणि त्यात कोणकोणतं उत्पन्न जातं. करार संसदेपुढे ठेवला का. त्याच वर्षी देशाचे कोणते रोखे परिपक्व होत आहेत. सहापैकी तीन प्रश्नांचं उत्तर मिळालं तरी बातमी सध्यापेक्षा बरी होईल. उत्तर मिळालंच नाही, तर ‘करार गुप्त आहे’ हीच पहिल्या पानाची बातमी. देणारा चीन असो, जपान असो की आपण.

आणि तुमच्या संग्रहातल्या त्या जुन्या वाक्यात एक दुरुस्ती करा. ‘कर्ज फेडता आलं नाही म्हणून’ हे शब्द काढा आणि तिथे ‘दुसऱ्यांची देणी भागवायला डॉलर हवे होते म्हणून’ असं लिहा. मथळ्यात मावत नसेल, तर ‘डॉलरसाठी भाड्याने’ एवढं पुरेल.

कळावे,
कर्जकरार वाचणारे काही जण